भाग ३४ : सुवार्ता नेमकी कोणी सांगायची?

(आमच्या मंडळीच्या तरुण संघाच्या शिबिरात शनिवारी संध्याकाळी केलेलं हे बोलणं. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर फार आहे, म्हणून बऱ्याच जणांनी लिखित मजकूर मागितला. तेच तेच परत बोललेलं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसं.)



पाळकसाहेबांनी मला हा विषय दिला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "साहेब, मी कोड लिहितो. हा विषय एखाद्या सुवार्तिकाला द्या ना." ते हसले. म्हणाले, "सुवार्तिकाला कशाला सांगायचं? तो सांगतोच आहे. विषय 'प्रत्येक विश्वासणारा' असा आहे, म्हणून तुला दिला." आता यावर काय बोलणार! आलो.

तर आधी माझंच सांगतो. या विषयात मी दोन वेळा नापास झालोय, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या कारणाने.

पहिली वेळ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची. अशाच एका शिबिरातून परत आलो होतो आणि पेटलेला होतो. हॉस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी सहाला वचन टाकायचो. मेसमध्ये ताट घेऊन ज्याच्या शेजारी बसेन त्याला विचारायचो, "आज रात्री मेलास तर कुठे जाशील?" पोरं म्हणायची, "आधी ही भाजी खाऊन जगतो का ते बघू." मला वाटायचं, हाच तो छळ, जो ख्रिस्तासाठी सोसायचा असतो. आता वाटतं, ती पोरं बिचारी फारच सहनशील होती.

माझा रूममेट विदर्भातला, शांत मुलगा. फेब्रुवारीत त्याचे वडील अचानक गेले. आम्ही चार जण रात्रीच्या गाडीने त्याच्या गावी गेलो, दोन दिवस राहिलो. लाकडं आणली, पाहुण्यांना पाणी दिलं, सगळं केलं. आणि निघताना मी त्याच्या बॅगेत एक पत्रिका सरकवली. मरणानंतर काय, अशा विषयावरची. पंधरा दिवसांनी तो परत आला. ती पत्रिका त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "तू माझ्या बाबांसाठी आला होतास की यासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. परीक्षा झाल्यावर त्याने खोली बदलली. भांडण नाही, काही नाही. समोर आला की मान हलवायचा.

त्यानंतर मी गप्प झालो. नोकरी लागली, हिंजवडीत आलो, आणि जवळजवळ सहा वर्षं ऑफिसमध्ये माझी ओळख एवढीच होती : नाताळात केक आणणारा माणूस. मी स्वतःला समजावायचो की आपण आपल्या वागण्यातून साक्ष देतोय. वागणं तरी काय, वेळेवर येत होतो आणि टाइमशीट खोटं भरत नव्हतो. तेवढं तर सगळेच चांगले लोक करतात. त्यावरून कोणाला येशू कसा कळणार?

दुसरी वेळ गेल्या पावसाळ्यातली. मोठं रिलीज होतं, रात्रीचे दोन वाजले होते, डेटाबेसचं मायग्रेशन चालू आणि स्क्रीन ढिम्म. टीममध्ये आम्ही दोघंच जागे. एक मी, आणि एक आमचे सीनियर, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना दादाच म्हणतात. त्यांची आई आयसीयूत होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून डोकं फिरतं म्हणून ते ऑफिसला आले होते. आणि मध्येच, स्क्रीनकडेच बघत, ते म्हणाले, "तू रविवारी चर्चला जातोस ना रे? तुमच्यात काय मानतात? माणूस गेला की संपतं सगळं?"

मी काय म्हणालो सांगू? "दादा, आधी हे मायग्रेशन होऊ द्या, मग बोलू."

मायग्रेशन पावणेचारला झालं. खाली जाऊन चहा प्यायलो. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. आठवड्याभराने त्यांच्या आई गेल्या. पुढच्या दोन महिन्यांत दादांनी कंपनी बदलली.

म्हणजे ज्याने विचारलं नव्हतं त्याच्या बॅगेत मी पत्रिका कोंबली, आणि ज्याने तोंडाने विचारलं त्याला मी डेटाबेसचं कारण दिलं.

मग मी तेच केलं जे बग सापडल्यावर कोणीही इंजिनिअर करतो. रिक्वायरमेंट परत वाचायला घेतली. मत्तयाचा अठ्ठाविसावा अध्याय, शेवटच्या पाच ओळी. लहानपणापासून पाठ आहेत. पण पाठ असलेली गोष्ट आपण वाचत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

पहिली गोष्ट जी माझ्या नजरेतून कायम सुटली होती : ती आज्ञा मिळायच्या आधी, गालीलातल्या त्या डोंगरावर, मत्तय स्पष्ट लिहितो की त्यांनी येशूला पाहून नमन केलं, पण काहींना संशय वाटला. अकरा जण होते. त्यातल्या काहींच्या मनात शंका होत्या. येशूने त्यांना बाजूला काढून "तुम्ही आधी तुमच्या शंका मिटवून या" असं सांगितल्याचं कुठे दिसत नाही. जगाच्या शेवटापर्यंतचं काम त्याच घोळक्याला दिलं, शंकेवाल्यांसकट. आपण म्हणतो ना, "माझा विश्वासच अजून कच्चा आहे, मी काय दुसऱ्याला सांगणार", तेव्हा मला आता ही ओळ आठवते.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. कंटाळू नका, एकच मिनिट. मूळ ग्रीकमध्ये त्या वाक्यात मुख्य आज्ञार्थी क्रियापद एकच आहे : शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं, ही तिन्ही त्याला जोडून येणारी रूपं आहेत. इंग्रजीत 'गो' असा ठणठणीत हुकूम पहिल्यांदा ऐकू येतो, त्यामुळे सगळा भर प्रवासावर जातो. आपल्या मराठी शास्त्रात मात्र 'जाऊन' आहे. आई म्हणते, "बाजारात जाऊन भाजी आण." यात काम कोणतं? भाजी आणणं. तुम्ही बाजारात जाऊन, मित्राला भेटून, हात हलवत परत आलात तर आई काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. पण म्हणून जाणं ऐच्छिक झालं का? सोफ्यावर बसून भाजी येत नाही. (आता अॅपवर येते, ठीक आहे. तेव्हा येत नव्हती.)

तर जायचं आहे, पण कुठे तरी पोचलो म्हणजे काम झालं असं नाही. आणि किती लांब जायचं याचं माप प्रत्येकाला वेगळं.

आता प्रश्न येतो, ही आज्ञा नक्की कोणाला? समोर तर अकराच होते. हा प्रश्न मला एकट्याला पडलेला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या कितीतरी विद्वान पाळकांचं मत होतं की ती आज्ञा प्रेषितांपुरती होती, त्यांनी ती पार पाडली, विषय संपला. परक्या देशांतल्या लोकांना वाचवायचं असेल तर देव स्वतः बघून घेईल. या मताला ज्याने उत्तर दिलं तो चांभारकाम करणारा माणूस होता. विल्यम केरी. नॉर्थम्प्टनशायरमधला, जन्म १७६१ चा. जोडे शिवायचा, शाळा चालवायचा, छोट्या बाप्टिस्ट मंडळीत पाळक होता, आणि एवढं सगळं करून घरात पैशांची ओढाताण. कॅप्टन कुकच्या सफरींची पुस्तकं वाचून त्याला जगाचं वेड लागलं. कागद जोडून मोठा नकाशा बनवला आणि भिंतीवर लावला. त्यावर प्रत्येक देशाची माहिती लिहून ठेवायचा.

एक किस्सा नेहमी सांगतात, की पाळकांच्या बैठकीत त्याने हा विषय काढला तर एका ज्येष्ठ पाळकाने त्याला दटावून खाली बसवलं. ज्यांनी दटावलं असं म्हणतात त्यांच्या मुलाने असं घडल्याचं नंतर नाकारलं होतं. त्यामुळे मी त्या किश्श्यावर भर देत नाही. त्याची गरजही नाही, कारण केरीचं लेखी उत्तर आपल्याकडे आहे.

१७९२ च्या मे महिन्यात त्याने ते छापलं. ऐंशी-नव्वद पानांचं छोटं पुस्तक. मी ते ऑनलाइन वाचलं तेव्हा मला भाषणबाजीची अपेक्षा होती. निघाला काय, तर डेटा! पानांमागून पानं तक्ते. खंड, देश, लांबी-रुंदी मैलांत, लोकसंख्या, धर्म. हाताने केलेलं स्प्रेडशीट. जगाची लोकसंख्या त्याने धरली ७३ कोटी १० लाख. त्यात मूर्तिपूजक वगैरे ४२ कोटी, मुसलमान १३ कोटी, कॅथलिक १० कोटी, प्रोटेस्टंट ४ कोटी ४० लाख, ग्रीक आणि आर्मेनियन ३ कोटी, यहुदी ७० लाख. सवयीप्रमाणे मी बेरीज करून पाहिली. जुळते. इतर धर्मांच्या लोकांबद्दल त्याने वापरलेले काही शब्द मात्र मला आज उच्चारवत नाहीत, तुम्हालाही आवडणार नाहीत. तो त्याच्या काळाचा माणूस होता, एवढंच म्हणतो.

पण त्याचा मुख्य मुद्दा फार सरळ आहे. आज्ञा प्रेषितांपुरतीच असेल तर बाप्तिस्मा द्यायची आज्ञाही त्यांच्यापुरतीच असली पाहिजे, कारण ती त्याच वाक्यात आहे. मग आपण आजही बाप्तिस्मा कशाच्या आधारावर देतो? आणि त्याच्या लगेच पुढे येशूने युगाच्या शेवटापर्यंत सोबत राहण्याचं वचन दिलंय. तेही अकरांपुरतंच का? ते वचन तर आपण प्रत्येक अंत्यविधीला, प्रत्येक लग्नाला स्वतःसाठी घेतो. सोयीचा अर्धा भाग सगळ्यांचा आणि गैरसोयीचा अर्धा भाग अकरांचा, हे चालणार नाही. मला यावर अजून कोणाचं चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

मग लोक म्हणायचे, लांब आहे, भाषा येत नाही, जिवाला धोका आहे. केरी म्हणतो, व्यापारी जातात ना? त्यांना हे सगळं दिसत नाही का? नफ्यासाठी माणूस भाषा शिकतो, समुद्र ओलांडतो. आपल्याकडे हा मुद्दा अजूनच लागू आहे. ऑनसाइट मिळणार म्हटल्यावर आपल्यातले किती जण तीन महिन्यांत जर्मन शिकले, हात वर करा. बघा. आणि जे जाऊ शकत नाहीत त्यांनी काय करावं? आधी प्रार्थना, मग एकत्र येणं, मग आठवड्याला एक पेनी. त्या वेळी बरेच लोक वेस्ट इंडीजमधली साखर खाणं सोडत होते, कारण ती गुलामांच्या कष्टावर पिकायची. केरीने लिहिलं, त्या साखरेचे वाचलेले पैसे या कामाला द्या. एखाद्या मोठ्या धर्मकार्याच्या पुस्तकात साखरेच्या खर्चाचा हिशोब यावा, हे मला फार आवडलं.

ऑक्टोबर १७९२ मध्ये केटरिंग गावात एका घरात बसून त्यांनी संस्था काढली. पहिली वर्गणी जमली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायची आहे, जी मला संडे स्कूलमध्ये कोणी सांगितली नाही. केरीच्या बायकोचं नाव डोरोथी. तिला यायचं नव्हतं. तीन लहान मुलं, चौथं पोटात, आणि जायचं कुठे तर अशा देशात जिथून परत येण्याची खात्री नाही. ती नाही म्हणाली. केरी मोठ्या मुलाला, फेलिक्सला घेऊन निघालासुद्धा. जहाजाच्या परवानगीत अडचण आली आणि सगळं लांबलं, तेव्हा तिला परत गळ घातली गेली. बहीण सोबत येईल तर येते, या अटीवर ती निघाली, कडेवर काही आठवड्यांचं बाळ घेऊन. जून १७९३ ला निघाले, नोव्हेंबरला कलकत्त्याला पोचले. पुढच्या वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. डोरोथीचं मन त्यानंतर कोलमडलं ते परत सावरलं नाही. ती १८०७ मध्ये गेली. ती सगळी वर्षं पलीकडच्या खोलीत ती आजारी होती आणि अलीकडच्या खोलीत भाषांतर चालू होतं.

मी यावरून केरीला शिव्या द्यायला उभा नाही. पण 'प्रत्येक विश्वासणारा' म्हणताना डोरोथीही त्यात येते. तिला हाक आली होती का, हे कोणी तिला नीट विचारलं का? आपल्यापैकी ज्यांची लग्नं व्हायची आहेत, ज्यांना सेवेत जायचं आहे, त्यांनी हे प्रकरण वाचावं. आणि घाईने वाचू नये.

आणि फळ कधी मिळालं? हिंदुस्थानात आल्यावर पाच-सहा वर्षं केरी नीळ तयार करायच्या कारखान्यात नोकरी करत होता. पोट भरायचं, बंगाली शिकायचं. १८०० च्या सुरुवातीला तो श्रीरामपूरला आला, कारण ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्या वर्षाच्या २८ डिसेंबरला पहिला बंगाली माणूस बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरला. कृष्ण पाल, सुतार. सात वर्षांत एक. आमच्या कंपनीत असे आकडे असते तर प्रोजेक्ट दुसऱ्या तिमाहीत बंद केलं असतं.

आणि कृष्ण पाल आला कसा? त्याचा खांदा निखळला होता. केरीचा सहकारी डॉक्टर थॉमस याने तो बसवून दिला. तिथून येणं-जाणं, बोलणं सुरू झालं. पुढे या सुताराने स्वतः बंगालीत गीतं रचली आणि आपल्या लोकांना सांगत फिरला.

आपला मराठी लोकांचा केरीशी संबंध इथेच लागतो. तो महाराष्ट्रात कधी राहिला नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली शिकवायचा, मग संस्कृत आणि मराठीही त्याच्याकडे आली. १८०५ ला त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८१० ला मराठी कोश, तोही मोडी लिपीत, आणि १८११ ला मराठी नवा करार. हे सगळं त्याला शिकवलं कोणी? वैजनाथ पंडितांनी. ते काही ख्रिस्ती नव्हते. म्हणजे जो आपल्याला सांगायला निघाला होता तो कितीतरी वर्षं आपल्याच माणसासमोर विद्यार्थी होऊन बसला. पत्रिका बॅगेत कोंबण्यापूर्वी मी रूममेटला त्याचे बाबा कसे होते, हे एकदाही विचारलं नव्हतं. एकदाही!

पण केरीवर थांबलं की आपल्याला पळवाट मिळते. "तो महान होता, आपण कुठे." म्हणून प्रेषितांची कृत्ये उघडा. आठवा अध्याय. स्तेफनाला दगडमार झाली, यरुशलेमेतल्या मंडळीचा छळ सुरू झाला, आणि सगळ्यांची पांगापांग झाली. लूक त्यात दोन शब्द घालतो : प्रेषितांखेरीज. ज्यांना डोंगरावर तोंडी आज्ञा मिळाली होती ते यरुशलेमेतच राहिले. बाहेर पडले ते बाकीचे, आणि जिथे गेले तिथे सुवार्ता सांगत गेले. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं, प्रशिक्षण नव्हतं, निरोप समारंभही झाला नाही. घरदार सोडून पळालेली माणसं होती ती.

मग अकराव्या अध्यायात त्यांचा धागा परत येतो. काही जण अंत्युखियापर्यंत पोचले. आधी फक्त यहुद्यांशीच बोलायचे. पण त्यांच्यातले काही कुप्र आणि कुरेने इथले होते, ते तिथल्या ग्रीक लोकांशीही बोलायला लागले. तिथे जी मंडळी उभी राहिली, तिथेच शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती म्हटलं गेलं, आणि पुढे तिनेच पौल आणि बर्णबाला पाठवलं. लूक किती बारकाईने नावं देतो, तुम्हाला माहीत आहे. जहाजावर कोण होतं, कोणाच्या घरी उतरले, सगळं. पण अंत्युखियात ज्यांनी ही भिंत ओलांडली त्यांची नावं तो देत नाही. "काही जण." आपल्या शाखेचा पहिला कमिट कोणाचा, तर अनामिक!

मराठीतलं असं एक उदाहरण तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. रेव्हरंड टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी. त्याने टिळकांशी अदबीने गप्पा मारल्या, ख्रिस्ताबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारलं, आणि नव्या कराराची प्रत दिली. टिळकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक अडकले ते अडकलेच, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळकांच्या गीतांशिवाय आपली एक उपासना होत नाही, आणि त्याची सुरुवात आहे रेल्वेच्या डब्यातली एक सभ्य गप्प.

आणि इथेही घरातली बाजू विसरू नका. लक्ष्मीबाईंवर त्या बाप्तिस्म्याने आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या वेगाने, स्वतः विचार करून. स्मृतिचित्रे वाचली नसतील तर वाचा. ओढून नेलेली बाई आणि चालत आलेली बाई यातला फरक तिथे कळतो.

माझ्या आजीची आई नगरकडे बायबलबाई होती. आजी सांगायची, ती वस्तीवर गेली की पुस्तक काढायच्या आधी ओट्यावर बसायची आणि बायकांसोबत धान्य निवडायला लागायची. सूप हातात घ्यायची. कधी कधी दिवसभर पुस्तक निघायचंच नाही. मी आजीला विचारलं होतं, "मग त्या दिवशी काम झालंच नाही ना?" आजी म्हणाली, "ज्वारी निवडून झाली की."

आता एक रोकडा विषय, कारण मला माहीत आहे की प्रश्नोत्तरात तो येणार. आपल्या देशात हे करता येतं का? राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे आपली श्रद्धा मांडण्याचा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. काही राज्यांत त्यावर आणखी कडक कायदे आहेत. काही जणांना हे आपल्याविरुद्ध वाटतं. काही ठिकाणी त्या कायद्यांचा त्रास होतो, हे खरंच आहे. पण ती मूळ रेषा मला, हॉस्टेलमधल्या अनुभवानंतर, अगदीच परकी वाटत नाही. मी काही पैसे दिले नव्हते, धमकी दिली नव्हती. पण एका पोराचा बाप जाऊन तीन दिवस झाले होते आणि मी ती वेळ साधली होती. माणूस बदलणं हे आपल्या हातात नाहीच, असं आपलंच शास्त्र सांगतं. आपल्या हातात सांगणं आहे.

आणि 'सगळी राष्ट्रं' याबद्दल. केरीला पाच महिने जहाजात बसावं लागलं. आमच्या सकाळच्या कॉलवर मनिला, वॉर्सा आणि कैरो एकाच वेळी असतात. राष्ट्रं आपल्याच स्क्रीनवर चौकोनांत बसलेली आहेत, आणि म्यूटवर आपण आहोत. तरीही फक्त हेच म्हणून थांबलो तर मी परत पळवाट काढतोय. काही जणांना खरंच उठून जावं लागेल. अजून कितीतरी भाषांत पूर्ण पवित्र शास्त्र नाही, आणि त्या भाषा शिकायला कोणी तरी कोणासमोर तरी विद्यार्थी होऊन बसावं लागेल. माझ्या बॅचमधला एक जण चांगला पगार सोडून आदिवासी भागात त्याच कामावर गेलाय. मी त्याला दर महिन्याला पैसे पाठवतो. माझी एक पेनी.

शेवटचं सांगतो आणि बसतो. हा विषय मिळाल्यावर मी दादांना फोन केला. वर्ष होत आलं होतं. आधी आईंबद्दल विचारलं. ते चाळीस मिनिटं बोलले. आई उन्हाळ्यात कुरडया घालताना कशी गच्चीवर कोणाला येऊ द्यायची नाही, शेवटच्या दिवसांत नातवाला ओळखत नव्हती पण त्याच्या केसांतून हात फिरवायची. मी फक्त हं हं करत होतो. मग म्हणालो, "दादा, त्या रात्री तुम्ही मला एक विचारलं होतं."

म्हणाले, "आठवतंय."

मी सांगितलं. येशू मेला आणि परत उठला असं मी मानतो, आणि म्हणून मरणाला शेवटचा शब्द मिळत नाही असं मानतो. सगळं कळलेलं नाही, शंका आहेत. पाच-सहा वाक्यं, तीही अडखळत. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललास रे?"

"घाबरलो."

"मला?"

मग त्यांना हॉस्टेलची गोष्ट सांगितली. ती ऐकून ते म्हणाले, "त्या पोराला फोन केलास का नंतर?"

"नाही."

"मला काय करतोस मग, आधी त्याला कर."

नंबर बदललाय त्याचा. लिंक्डइनवर सापडला, नागपूरला आहे. गुरुवारी रात्री मेसेज पाठवला. त्यात वचन नाही. त्याच्या बाबांबद्दल विचारलंय, आणि माफी मागितली आहे. मेसेज पाहिल्याचं दिसतंय, उत्तर अजून नाही.

चला, चहा आलाय. प्रश्न चहानंतर घेऊ.